टिंब म्हणजे सगळं

आमच्या घरात भांडण झालं की नवरा आवाज चढवत नाही, लॅपटॉप उघडतो. बैठकीच्या खोलीला पिवळा रंग द्यावा असं आधी कोण म्हणालं, गच्चीची किल्ली फ्रिजवर ठेवायची हे कधी ठरलं, सगळं त्यात तारीखवार सापडतं. आणि बहुतेक वेळा ते मीच म्हणालेली असते. असल्या माणसाशी भांडण्यात काही मजा नाही. तरी मी भांडते, कारण मला सवय आहे.

तो लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो. कुणी कुठल्या मजल्यावर बटण दाबलं तर चारांपैकी कुठल्या लिफ्टनं धावत जायचं, हे ठरवणं त्याचं काम. मला लग्नाचं विचारलं तेही त्यानं लिफ्टमध्येच, ती दोन मजल्यांच्या मधोमध थांबवून. मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर दार उघडलं असतं की नाही याची खात्री नव्हती.

त्याच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात. सगळ्या फायली एका रिपॉझिटरीत असतात. कुणी काही बदललं की कोणी, कधी आणि का, ते तिथे कायमचं राहतं. घराला रंग द्यायचा निघाला तेव्हा आमच्याकडे नकाशाच्या तीन फायली झाल्या होत्या: ‘अंतिम’, ‘अंतिम खरं’ आणि ‘अंतिम आता पुरे’. रंगाऱ्यानं चौथीच कुठली तरी पाहून न्हाणीघर जांभळं केलं. त्या दिवशी नवऱ्यानं अख्खं घर रिपॉझिटरीत घातलं. मापं, बिलं, फोटो, सगळं. तिघांच्या तीन संगणकांवर तेच घर. सासूबाईंनी त्या लांबलचक नावाला तोंड वाकडं केलं आणि त्या त्याला पेटी म्हणू लागल्या. आता आम्ही सगळेच पेटी म्हणतो.

सासूबाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. याची तार तिला जोडायची आणि मधेच तोडायची नाही, एवढा एकच धर्म त्यांना ठाऊक. पेटी त्यांना माझ्याआधी जमली. कमिट करताना, म्हणजे बदलावर शिक्का मारताना, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. सासूबाई एका ओळीत आटपत नाहीत. ‘पडद्यांची मापं सुधारली. आधीची ज्यानं घेतली त्यानं स्टुलावर चढायचा कंटाळा केला होता. मी नाव घेत नाही.’ हे पेटीत कायमचं आहे. नवऱ्याला ते पुसता येतं म्हणे, पण आईचं लिहिलेलं पुसायची त्याची छाती नाही.

राहिले मी. मी दात बनवते. कवळ्या, कॅप, ब्रिज. प्लास्टर, मेण आणि चिमटा यांच्याशी माझं उत्तम जमतं, संगणकाशी बेताचंच. म्हणून नवऱ्यानं मला एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि तो फ्रिजवर चिकटवला.

“आधी अ‍ॅड लिही. मग थोडी जागा सोड. मग टिंब,” तो म्हणाला.

“टिंब कशाला?”

“टिंब म्हणजे इथलं सगळं. तू जिथे उभी आहेस तिथली फोल्डरं, त्यांच्या आतली फोल्डरं, त्यांच्या आतल्या फायली. एकेकाचं नाव घेत बसायला नको.”

मला ते फार आवडलं. एवढंसं टिंब, आणि म्हणायचं काय तर सगळं.

म्हणूनच डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर गार जेली फासून पडद्यावर टिंब दाखवलं, तेव्हा मला हसू फुटलं ते आवरेचना. पोट हलायला लागलं, पडद्यावरचं चित्र नाचायला लागलं. “अहो, जरा स्थिर राहा, मला नीट बघू दे,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं निम्मं नवऱ्याला आधी सांगायचं आणि निम्मं मागाहून, हे मी तिथेच उताणी पडल्या पडल्या ठरवलं. सगळा आनंद एकरकमी द्यायला मी काही इतकी उदार नाही.

गोड बातमी तोंडानं सांगता आली असती, मला मान्य आहे. पण मधे एक लिफ्ट येत होती. दूरच्या शहरात नवा उंच मनोरा उभा राहत होता. त्याच्या सगळ्या लिफ्टचं काम नवऱ्याला मिळत होतं. एक वर्ष तिथेच राहायचं. असलं काम मिळावं म्हणून तो आमच्या लग्नाच्या आधीपासून झुरत होता. हो की नाही ते त्यानं शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोनवर सांगायचं होतं. मी त्याला अडवणार नव्हते. जाऊ नकोस हे शब्द माझ्या तोंडून निघणार नव्हते. पण कळल्यावर तो आपणहून काय करतो, ते मला बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यानं राहावं असं मला इतकं वाटत होतं की विचारायची भीती वाटत होती.

तो रोज सकाळी चहाबरोबर पेटी उघडतो आणि रात्रीतून काय नवीन आलं ते वाचतो, लोक पेपर वाचतात तसं. तेव्हा त्याला त्याच्याच पेपरात बातमी द्यायची, असं मी ठरवलं.

शुक्रवारी सकाळी तो आंघोळीला गेला तशी मी संगणकापुढे बसले. सासूबाईंनी दोन छोट्या सोफ्यांचे फोटो मला पाठवून ठेवले होते, ते पेटीत टाकायचे राहिलेच होते. त्यासाठी एक फोल्डर केलं, ‘सोफा’, आणि दोन्ही फोटो त्यात टाकले. मग दुसरं फोल्डर केलं. त्याला नाव दिलं ‘बाळ’. आत काय ठेवायचं? अजून काहीच तर नव्हतं. नुसतं नावच पुरे होतं. मग कागदाबरहुकूम अ‍ॅड, जागा, टिंब. इथलं सगळं. कमिट केलं. संगणकानं कळवलं, दोन नोंदी झाल्या. एक सोफा, एक बाळ, झाले दोन. मी ते ढकललं पेटीत आणि अंडी फोडायला ओट्याशी जाऊन उभी राहिले, पाठमोरी, कारण माझा चेहरा तेव्हा कुणीही वाचला असता.

जाणकारांनी एव्हाना कपाळावर हात मारून घेतला असेल. मारू द्या. मला तेव्हा माहीत नव्हतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कपाचा.

“बघितलं,” नवरा म्हणाला.

“मग?” मी कढईशी बोलावं तसं बोलले.

“छान आहे. पण आत्ताच कशाला?”

माझ्या हातातलं उलथनं थांबलं. “आत्ताच कशाला म्हणजे?”

“अगं, मी वर्षभर इथे नसेन कदाचित. परत आल्यावर बघू की निवांत. घाई काय आहे?”

“निवांत,” मी म्हणाले.

“आणि दोन कशाला? इथे एकालाच जागा नाही.”

याला हे कुणी सांगितलं, असं एकदा मनात आलं, पण रागापुढे तो विचार टिकला नाही. मी वळले. तो शांतपणे पावाला लोणी लावत होता. लोणी लावत होता तो.

“तुला एवढंच म्हणायचंय?” मी विचारलं.

त्यानं विचार केला. तो नेहमी खरोखर विचार करतो, हा त्याचा दोष. “नाहीतर ताईकडे पडलाय ना एक? तिला तो घरातून काढायचाच आहे. तोच आणू.”

नणंदेला मुलगा एकच, नऊ वर्षांचा. तो खरंच कधीकधी घरातून काढण्यासारखा वागतो, त्यामुळे मला तेही पटलं. मी अंडी आणि कढई तशीच त्याच्यापुढे आदळली, चपला घातल्या आणि निघाले. “अगं, सोफ्यावरून एवढं काय,” असं काहीतरी तो मागून म्हणाला असेलही, पण तोवर मी जिन्यात होते. त्याच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची माझी इच्छा नव्हती.

लॅबमध्ये त्या दिवशी एका आजोबांची वरची कवळी जुळवायची होती. मेणात एकेक दात बसवत जायचं, डोळे मिटून करण्याइतकं सोपं काम. मी बसवत होते आणि मनात त्याला ऐकवत होते. निवांत काय. जागा नाही काय. मालकीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला कळलं की मी समोरच्या दातांच्या जागी सुळे बसवलेत, चारही.

“हे आजोबा हसले तर घरातली नातवंडं पळून जातील,” त्या म्हणाल्या. “तू घरी जा बाई. मेण काही कुठे जात नाही.”

मी घरी आले आणि माळ्यावरून मोठी बॅग काढली. अडवायचं नाही म्हणजे नाही. उलट मदत करायची. मी स्वेटर भरले. कानटोपी भरली. दोन रजया कोंबल्या. बॅगेची चेन लागेना म्हणून तिच्यावर बसले, मग डॉक्टरीणबाई आठवल्या, उठले आणि एक रजई बाहेर काढली. तेवढ्यात नवरा दारात. फोन घरूनच घ्यायचा म्हणून तो लवकर आला होता.

“हे काय?”

“तुझं सामान.”

“तिथे एवढी थंडी नसते.”

“पडेल,” मी म्हणाले.

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “मला पाठवायला तू इतकी उतावीळ असशील असं नव्हतं वाटलं. मला वाटत होतं की तू नको जाऊ म्हणशील. मी आठवडाभर वाट बघतोय.”

“मी कशाला अडवू? आल्यावर निवांत बघूच की आपण. जागाही करू तोवर. आणि ताईकडचा आहेच.”

“अगं, तुला तोच हवा असेल तर आत्ता घेऊ. मी कुठे नाही म्हणतोय? दोन घे. तीन घे.”

“तीन?” मी अशी ओरडले की पलीकडच्या खोलीतून सासूबाई चष्मा डोक्यावर सरकवत आल्या. आम्ही दोघंही एकदमच बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. एक्स्चेंजमध्ये शंभर लाईनी एकदम किंचाळत असताना त्या असाच हात वर करत असणार.

“थांबा. चुकीचा नंबर लागलाय,” त्या म्हणाल्या. “दोघं बोलताय, पण एकमेकांशी नाही. तू ठेव. तू बोल. सकाळी हिनं पेटीत काय टाकलं?”

“सोफे,” नवरा म्हणाला. “दोन सोफ्यांचे फोटो.”

“आता तू. तू कशाबद्दल बोलतेयस?”

“सोफ्याबद्दल नाही,” मी म्हणाले. “दुसऱ्या फोल्डरबद्दल.”

“दुसरं कुठलं?” नवरा म्हणाला. “दुसरं काही आलंच नाही.”

“आलंच नाही कसं? मी टिंब दिलं होतं. टिंब म्हणजे सगळं, तूच म्हणालास.”

तो उठून माझ्या संगणकापाशी गेला. मी मागे. सासूबाई माझ्या मागे. त्यानं पेटीचं मुख्य फोल्डर उघडलं. सोफा होतं, त्याच्या वर ते दुसरंही होतं, जसंच्या तसं. त्यानं नावाकडे बघितलंही नाही. सरळ आत शिरला. आत पांढरं, मोकळं.

आणि त्याचा चेहरा उजळला. बिघाड सापडला की त्याचा चेहरा असाच उजळतो. लग्नात माझ्याकडे बघतानासुद्धा इतका उजळला नव्हता.

“हां,” तो म्हणाला. “हे रिकामं आहे. पेटी रिकामं फोल्डर घेतच नाही. तिला फोल्डर कळतच नाहीत मुळी, फक्त फायली कळतात. फाईल असली की तिच्यासाठी फोल्डर आपोआप येतं. आत काही नसेल तर तिच्या लेखी ते फोल्डर नाहीच. त्या दोन नोंदी म्हणजे सोफ्याचे दोन फोटो. चूक माझी, मी कागदावर लिहायला हवं होतं.”

“रिकामं नाहीये ते,” मी म्हणाले.

“अगं, दिसतंय ना रिकामं. पण त्यावर उपाय आहे.” आता तो रंगात आला होता, हातवारे सुरू झाले होते. “फोल्डर नुसतं राखून ठेवायचं असेल ना, तर आत एक इवलीशी फाईल टाकतात. तिचं नाव टिंबानं सुरू करायचं. नाव टिंबानं सुरू झालं की ती फाईल उघड दिसत नाही. असते, पण बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. तिच्यात काही लिहिलेलंही नसतं. नुसतं टिंब आत असतं, आणि तेवढ्यानं अख्ख्या फोल्डरची जागा धरली जाते, की पुढे इथे काहीतरी येणार आ...”

तो थांबला.

त्याची नजर पडद्याच्या वरच्या पट्टीवर गेली होती. तिथे फोल्डरचं नाव लिहिलेलं असतं.

त्यानं पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि परत पट्टीकडे, जणू मधल्या काळात कुणी नाव बदललं असेल. मग तो खुर्चीवर बसायला गेला, आणि खुर्ची तिथे नव्हती. फरशीवर बसल्या बसल्या त्यानं माझे पाय धरले, गुडघ्यापाशी, दोन्ही हातांनी, घट्ट.

“खरंच?” तो म्हणाला.

“बुधवारी कळलं.”

“आणि मी म्हणालो आत्ताच कशाला.”

“म्हणालास.”

“आणि ताईकडचा आणू म्हणालो.”

तेव्हा मात्र मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. तो हसत होता आणि मधेच हुंदके देत होता, आणि माझ्या कुर्त्याला नाक पुसत होता. मला त्याचा मुळीच राग येत नव्हता, दिवसभर खपून साठवलेला सगळा राग कुठे गेला कोण जाणे.

“मला केव्हाच कळलंय,” सासूबाई म्हणाल्या. “ही सकाळचा चहा मोरीत ओतते आणि कप विसळून पालथा घालते. पण मी मधे बोलत नाही. लाईन जोडून द्यायची, ऐकायचं नाही.” असं म्हणून त्यांनी पदरानं चष्मा पुसला, तोही दोन्ही काचांच्या चुकीच्या बाजूनं.

तेवढ्यात फोन वाजला. सहा झाले होते. नवरा फरशीवरच होता, म्हणून सासूबाईंनी उचलला. त्यांचा आवाज एकदम बदलला, पंचवीस वर्षांनी तरुण झाला. “कृपया प्रतीक्षा करा, आपल्याला जोडून देत आहोत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन त्याच्या कानाला लावला.

मी खिडकीकडे तोंड केलं. अडवायचं नाही हे मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी पाळते. काचेत तो मला दिसत होता. त्यानं माझा एक पाय अजून सोडला नव्हता.

“नाही सर, नाही जमणार,” तो म्हणाला. “नाही नाही, आजारी कुणी नाही. इथेच एक काम निघालंय... हो, मोठं आहे. वर्षापेक्षा जास्त चालेल... नाही, वाईट कशाला वाटेल.” मग तो इतका हसला की पलीकडच्यालाही हसू आलं असावं, कारण फोन ठेवताना दोघंही हसत होते.

मी वळले. मला त्याला खूप काही सांगायचं होतं, पण मी फक्त त्याची कानटोपी बॅगेतून काढून कपाटात ठेवली.

तो उठला, खुर्ची नीट चाचपून बसला आणि कीबोर्ड पुढे ओढला. “आता हे पेटीत गेलंच पाहिजे,” तो म्हणाला. “आज, आत्ता. टिंबाची एक फाईल टाकतो जागा राखायला.”

“दोन टाक,” मी म्हणाले.

“अगं, एक पुरते. जागा राखायला एकच...”

त्याची बोटं हवेत राहिली. तो हळूहळू माझ्याकडे वळला.

“सकाळी तू म्हणालास ना, दोन कशाला,” मी म्हणाले, “तेव्हा मला वाटलं की डॉक्टरीणबाईंनीच तुला फोन केला. म्हणून तर माझी इतकी खात्री पटली.”

पर्समधून मी तो काळा-पांढरा फोटो काढून कीबोर्डवर ठेवला. त्यावर डॉक्टरीणबाईंनी पेनानं दोन बाण काढले होते, एकेका टिंबाला एकेक.

सासूबाईंनी आमच्या दोघांच्या मधून मान घातली, चष्मा खाली ओढला, बाणांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा एकदा फिरवलं.

“म्हणजे सोफे दोनच घ्या,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. त्यानं दोन फायली केल्या, दोन्ही टिंबानं सुरू होणाऱ्या. मग त्यानं अ‍ॅड लिहिलं, जागा सोडली, आणि शेवटची कळ मी दाबावी म्हणून हात बाजूला घेतला. मी टिंब दिलं.